नव्या नवरीची पावलं

मैत्रिणींनो, मी नव्या नवरीच्या पावलांचे कोलाज करते, हे तुम्हाला माहीतच आहे. कुंकू उडून जातं, म्हणून पावलांना पक्की लाल शाई लावून जाड कागदावर ठसे घेते. भोवती लग्नपत्रिकेचे तुकडे आणि जरीचे धागे चिकटवते.

आज दुपारी हर्सूलच्या एक काकू त्यांच्या सुनेची फ्रेम परत घेऊन आल्या.

"आतला कागद तेवढा बदला. पुढच्या महिन्यात नवी सून येतीय."

"आणि ही?"

"दिवाळीत गेली."

"कशानं हो?"

"गेली, झालं. फ्रेम चांगली हाय, वाया कशाला घालवायची?"

मी कागद बाहेर काढला. ठसे घेताना ती पोरगी हसून हसून बेजार झाली होती. "ताई, लई गुदगुल्या होतायत!" म्हणत तिनं पाय आखडला होता. त्यानं फिसकटलेला अंगठा तसाच आहे.

"हा कागद नेताय ना?"

"आमाला काय करायचाय? टाका फेकून."

मला तो फेकवला नाही. चिकटवलेल्या पत्रिकेवर तिच्या वडिलांचं नाव आहे, गाव कन्नड. उद्या एसटीनं जाऊन देऊन येऊ का?

तुम्ही तिची आई असता, तर फक्त ही पावलं माहेरी आलेली तुम्हाला चालली असती?