मातीची माणसं, मक्याची माणसं

रविवारी मराठी शाळेत गेले होते... शिकवायला नाही, शिकवणं सोडतेय हे सांगायला. इकडे अमेरिकेत, क्युपर्टिनोतल्या या शाळेत मी दर रविवारी चिल्ल्यापिल्ल्यांना गोष्टी सांगायचे. उन्हाळ्यात आमचं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्यांदा. तेव्हापासून मुलांच्या घोळक्यात उभं राहणं जिवावर यायचं.

वर्गात शिरले तर नऊ वर्षांची अन्वी गोष्ट सांगायला उभी. बाकीच्यांनी ससा-कासव उरकलं होतं. या बाईसाहेबांनी मात्र आपल्या इंग्रजी शाळेतून मेक्सिकोकडच्या माया लोकांची गोष्ट आणली होती. मी गुपचूप मागे बसले.

"खूप आधी फक्त समुद्र होता आणि आकाश. देवांना त्यांची आठवण काढणारं कोणीतरी पाहिजे होतं. म्हणून त्यांनी मातीची माणसं केली. ती पाण्यात मेल्ट झाली. मग लाकडाची केली. पण त्यांना हार्टच नव्हतं..."

तिचं मराठी हे असं. पण खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं, पोरं चक्क गप्प होती, आणि मला तो समुद्र दिसायला लागला... सगळीकडे पाणी, आणि काठाशी चिखलाने हात भरलेले देव. देवांचंही चुकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग त्यांनी मका दळला, पीठ मळलं आणि त्याची माणसं केली. ती टिकली."

मला राहवेना. "आणि ती मातीची? त्यांचं काय झालं गं?"

अन्वीने डोकं खाजवलं. "ती मातीतच गेली ना, मावशी. मग तिथेच मका आला."

घरी येऊन मी शोध शोध शोधलं. गोष्टीत हे कुठेच नाही. पोरीने तिथल्या तिथे रचलं होतं... एवढ्या जुन्या गोष्टी इतक्या लांब अशाच येत असतील. कुणीतरी विचारतं, आणि सांगणारा त्याच्यासाठी एक वाक्य जास्तीचं घालतो.

शाळा सोडायचं राहूनच गेलं. संध्याकाळी मी आणि नवऱ्याने मागच्या अंगणात कणसं भाजली, लिंबू-तिखट लावून. आमच्या त्या दोघांबद्दल आम्ही पहिल्यांदाच बोललो. रडलोही, पण कणसं संपवली.

थँक यू गं अन्वी... माझी दोघं कुठे गेली, ते मला कुणी सांगतच नव्हतं.