मधला जोड

जुनं लोडर बघायला गेला की मिस्त्री आधी इंजिनावर तळहात ठेवायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. डोळे मिटून थोडं थांबायचा आणि म्हणायचा, "ताप न्हाई. करा चालू."

विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन चालवून गरम करून ठेवतात. गरम इंजिन कसलंही असलं तरी पटकन चालू होतं. त्याचा खरा दम गार असतानाच कळतो. मेढ्याला एका ठेकेदाराच्या मशीनवर त्यानं हात ठेवला आणि झटकन काढला.

"पाव्हणं, लय ताप हाय ह्याला. आज निजू द्या. आमी उद्या येतो."

ठेकेदार कसानुसा हसला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही.

लोडर तुम्ही पाहिलं असेल. माणसाएवढी चार चाकं, पुढं मोठं बकेट, आणि वळताना सगळं मशीन कंबरेत वाकतं. माझा नवरा लष्करातून सुटून आला तेव्हा त्यानं असलं एक जुनं घेतलं आणि विट्याकडच्या खडी क्रशरवर लावलं. नवीन घ्यायची ऐपत कधीच नव्हती. जुनं घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि चालवायचं, यावरच आमचं घर चाललं. दुरुस्त करणारा हा मिस्त्री. म्हसवडच्या अलीकडे रस्त्याला लागून त्याची पत्र्याची शेड होती. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या घरची माणसं आहेत.

आमच्याकडे आला की तो उंबऱ्याच्या आत येत नसे. कपड्यांना ग्रीस असायचं. बाहेरच जुना पेपर अंथरून बसायचा. मी म्हणायचे, "मिस्त्री, फरशी हाय, पुसता येती." तो म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या वैनी. माझा डाग जात न्हाई."

नवरा वारला त्याच्या तिसऱ्या दिवशी तो आला. रडला नाही, बसला नाही. अंगणातल्या लोडरला ग्रीस भरलं, तेल बघितलं, टायरात हवा मारली. जाताना दारातून म्हणाला, "वैनी, दादा गेला. पर ह्ये थांबाय नगं." त्या दिवसांत पन्नास माणसं येऊन गेली असतील. कामाचं बोललेला तो एकटा.

पुढं ते लोडर अगदीच झिजलं आणि दुसरं घ्यायची वेळ आली. भावकीत हसू झालं. म्हातारी, चौथी शिकलेली, लोडर घ्यायला निघाली म्हणे. माझा मुलगा दत्ता चालवायला पक्का, पण खरेदीत भोळा. कुणी गोड बोललं की त्याला सगळं खरं वाटतं. म्हणून मीच शिकायचं ठरवलं. मिस्त्रीनं मला शिकवलं.

तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, हात ठेवून ताप बघायचा. दुसरी चहाची. बकेट पूर्ण वर उचलायचं, इंजिन बंद करायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत बकेट खाली आलं तर आतून तेल पाझरतंय, समजायचं. तो बशीत ओतून इतका सावकाश प्यायचा की विकणाऱ्याला घाम फुटायचा. तिसरी, गिअरचं तेल पांढऱ्या फडक्यावर घ्यायचं. त्यात चमक दिसली तर आतलं लोखंड झिजतंय.

चौथी गोष्ट होती मधला जोड. मशीन जिथं वाकतं तो. सगळा भार तिथं येतो आणि तो बघायचा तर मशीनखाली आडवं व्हावं लागतं. मी एकदा पदर खोचून वाकले तर तो धावत आला.

"आवं वैनी, लुगड्यात खाली कुठं शिरताय? चार गडी बघत्यात. मधलं मी बघतो."

मला ते बरं वाटलं. माझा मान ठेवतो असं वाटलं. दर वेळी तोच खाली शिरायचा, पाठीला माती घेऊन बाहेर यायचा आणि काय ते सांगायचा. चौथी गोष्ट मी कधी शिकलेच नाही.

शेवटी वाईजवळ एक मशीन त्यानं दाखवलं. कुणा ठेकेदाराचं, म्हणाला. मी हात ठेवला. गार. चालू केलं, एका दमात सुरू झालं. बकेट वर उचलून आम्ही चहा प्यायलो. मी मुद्दाम दोन कप प्यायले, बकेट बोटभर हललं नाही. फडक्यावर तेल घेतलं, स्वच्छ. मिस्त्री खाली शिरला, बाहेर आला, पाठ झाडत म्हणाला, "झ्याक हाय वैनी. डोळं झाकून घ्या."

मी घेतलं. गावात आलं तेव्हा भावकी बघायला जमली. मी ताठ उभी होते.

चौथ्या महिन्यात, भर कामात, दत्ता भरलेलं बकेट घेऊन क्रशरच्या चढावर वळत होता. मोठा आवाज झाला आणि मशीन कंबरेत तुटलं. पुढचा भाग एकीकडे, मागचा दुसरीकडे. दत्तानं उडी मारली म्हणून वाचला. मी तिथंच होते. त्याला हात लावून बघितलं, दोन्ही पाय बघितले आणि मगच मशीनकडे बघितलं.

पहिल्यांदा मी मिस्त्रीची बाजूच घेतली. दत्ता म्हणाला, "आये, त्यानं बगितलं हुतं की." मी म्हटलं, "नजरंतनं सुटलं आसंल. माणूस हाय."

मिस्त्रीचा फोन लागेना, म्हणून मिरजेहून दुसरा फिटर बोलावला. त्यानं जोडाजवळचा रंग खरवडला. खाली भेगा बुजवायची पुट्टी निघाली. पुट्टीखाली जुनी भेग आणि तिच्यावर घाईत मारलेलं वेल्डिंग. त्यानं ते निरखून बघितलं.

"मावशी, ह्ये डाव्या हातानं मारलंय. टाक्यांचा कल बगा, उलटा हाय."

आमच्या भागात डावखुरा मिस्त्री एकच होता.

मी एसटीनं त्याच्या शेडवर गेले. तो पंप खोलून बसला होता. मला बघून उठला.

"या वैनी. चहा सांगतो."

"चहा नगं. जोड तुमी वेल्ड केला?"

तो डिझेलमध्ये हात धूत राहिला. "व्हय."

"पुट्टी?"

"मीच लावली."

"बकेट कसं हललं न्हाई?"

"पाझरू नये म्हणून जाड तेल भरलं हुतं. गिअरचंबी नवं घातलं."

म्हणजे पेपर त्यानंच काढला होता आणि उत्तरंही त्यानंच लिहून ठेवली होती. मी फक्त पास झाले.

"का?"

"जावयाचं मशीन. लिलावातनं घेतलं, फसला. पोरगी रोज रडायची. कुनी घेईना. लोक येत्यात, आपला मिस्त्री आणत्यात, त्यो खाली शिरतो, बगतो, जात्यात."

"मग?"

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तुमचा मिस्त्री मीच हुतो."

"वर दत्ता बसत हुता."

"सावकाश चालीवलं आसतं तर वरीसभर गेलं आसतं. मी मागनं येऊन नीट करनार हुतो."

"दत्ताला सांगितलं हुतं, सावकाश चालव म्हणून?"

"न्हाई."

मी निघाले. तो रस्त्यापर्यंत मागं आला. एसटी येईपर्यंत दोघंही उभे होतो. त्यानं हात दाखवून गाडी थांबवली. मी चढले.

त्या उन्हाळ्यात क्रशरवाल्यानं दुसऱ्याचं मशीन लावलं. दत्ता परक्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून राबला. आमचं लोडर मिरजेच्या फिटरनं महिनाभर खोललं, कापलं, जोडलं. ते चालू झालं तेव्हा मी अंगणात पोतं अंथरलं आणि लुगड्यासकट मशीनखाली गेले. चार गडी बघत होते. बघू दे. मी उताणी पडून जोड बघितला, हात फिरवून बघितला. अवघड काही नव्हतं. पहिल्याच वर्षी शिकले असते.

दोन वर्षांनी निरोप आला की मिस्त्रीनं अंथरूण धरलंय, वैनीला एकदा येऊन जा म्हणतोय. मी गेले नाही. गेले असते तर समोर बसून काहीतरी बरं बोलावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं. दत्ता गेला. संध्याकाळी परत आला.

"काय म्हणला?"

"काय न्हाई. एकच इचारलं. जोड वाजतोय का म्हणला."

"मग तू?"

"न्हाई म्हणलो. गप चालतोय म्हणलो."

जोड वाजत होता. मिरजेच्या फिटरचं कामही पुरतं बसलं नव्हतं, पंधरा दिवसांपासून चढावर करकर येत होती, आणि ते आम्हा दोघांना माहीत होतं. खोटं बोललास म्हणून मी दत्ताला काही म्हटलं नाही. त्याला जेवायला वाढलं.

चार दिवसांनी मिस्त्री गेला. त्याच आठवड्यात आम्ही जोड पुन्हा खोलला.