साहेबांनी दहाचे चार केले

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

मी फौंड्रीत मेंटेनन्सला आहे. धोका मोजायला आमच्याकडं सॉफ्टवेअर आलंय. बिघाड किती गंभीर, ते एक ते दहात भरायचं. आकडा मोठा असला की चौकट लाल होते आणि भट्टी बंद ठेवावी लागते.

सकाळी भट्टीवरचे शिवाजीमामा म्हणाले, "भट्टी गार ठेवायचं पाणी झिरपतंय. बघा की जरा." बघितलं, तर खरंच होतं. हे पाणी वितळलेल्या लोखंडात गेलं तर स्फोट होतो. मी दहा भरले.

साहेबांनी माझ्यासमोर दहाचे चार केले. चौकट हिरवी झाली. "आज माल जायचा हाय. पाण्याचं उद्या बघू."

मी म्हटलं, "मग मामांना तुम्हीच सांगा."

साहेब आले, पण भट्टीभोवतीच्या पिवळ्या पट्ट्याबाहेरच थांबले. तिथनंच म्हणाले, "मामा, काय धोका न्हाय. चालू करा."

मामा म्हणाले, "मग आत या की साहेब."

साहेब आत आले नाहीत. मामांनी भट्टी चालू केली नाही.

संध्याकाळी मामांना मेमो निघाला, कामात अडथळा आणला म्हणून. साक्षीदार म्हणून माझी सही मागितलीय. मी केलेली नाही. तुम्ही केली असती?