दादाचा चेहरा मोठा होईना

गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या या पेंटरनं केलेल्या. आधी ब्रशनं, मग कॉम्प्युटरवर. थोरला भाऊ गेला तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, यांचा दाराएवढा फोटो करून द्या. बाकी काही मागत नाही."

फोटो एकच होता. कारखान्याच्या ओळखपत्रासाठी यानंच तो नखाएवढा बारीक केला आणि जागा वाचावी म्हणून मूळ फाइलीवरच सेव्ह केला होता. आता फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ताणला, तर दादाच्या डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन. मग चित्र रेषांनी नव्यानं आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. तिथं कितीही मोठं करा, कड फाटत नाही. चेहरा स्वच्छ निघाला.

वहिनीनं बघितलं. "हा कोण बाबा?"

"दादाच की."

"मग गालावरचा व्रण कुठाय?"

लहानपणी यानंच मारलेल्या दगडाचा तो व्रण. चौकोनांत निदान डाग तरी होता, रेषांनी तोही गिळला.

"जगाच्या पाट्या रंगवल्यात," वहिनी म्हणाली, "घरचं एक तोंड जमंना."

शेवटी त्यानं दाराएवढ्या बोर्डावर दादाचं नाव तेवढं लिहिलं. अक्षरं लांबूनही रेखीव दिसायची. वहिनीनं बोर्ड भिंतीकडं तोंड करून ठेवला.