स्मार्ट बोर्ड आणि सातवी ब

पोरांच्या डोक्यात माझं शिकवणं किती साठतं माहीत नाही, पण माझ्या डोक्यात किस्से इतके साठलेत, की कुणी "कशी चाललीय इंटर्नशिप?" एवढंच विचारलं तरी समोरचा चहा गार होतो!

सुरुवात माझ्यामुळेच झाली. बी.एड.च्या सेमिनारमध्ये मी ठणकावलं, "पाच वर्षांत वर्गात खडू दिसणार नाही!" आजही मत तेच आहे. आमच्या गाइड कांबळे मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग डिजिटल पाठ तूच घे. जमला नाही, तर इंटर्नशिप पुन्हा."

*

पिंपळे गुरवच्या शाळेत पहिल्याच दिवशी स्मार्ट बोर्डाचा रिमोट मागितला. शिपाईमामांनी कपाटातून काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरा करकरीत. पण सेल नाहीत!

"ते भिंतीवरच्या घड्याळात घातल्यात."

"मामा, बोर्ड महत्त्वाचा की घड्याळ?"

"बोर्ड बंद पडला तर कुणी इचारत न्हाई. घड्याळ बंद पडलं तर समदे मास्तर वरडत्यात!"

*

पालकांच्या ग्रुपवर अपूर्णांकांचा व्हिडिओ टाकला. माझ्या वर्गातल्या, सातवी ब मधल्या आरोहीच्या वडिलांचा फोन आला. ते चाकणला कंपनीत असेंब्ली लाइनवर आहेत.

"टीचर, लई भारी! आयुष्यात पहिल्यांदा अपूर्णांक कळाले."

"आणि आरोहीला?"

"तिनं कुठं बघितलाय? फोन माझ्याजवळ असतोय. पण जेवणाच्या सुट्टीत आमची अख्खी लाइन बघती. भागाकाराचा कधी टाकताय?"

*

'माझी शाळा' हा निबंध पोरांनी एआयकडून लिहून आणला. तेरा वह्यांत शाळेमागे तोच झुळझुळणारा झरा!

"शाळेमागे काय आहे रे?"

"गॅरेज!"

"मग झरा?"

आरोही म्हणाली, "टीचर, एआयनं एवढ्या प्रेमानं दिला. नाही कसं म्हणायचं?"

*

डिजिटल पाठ नेमका खंडेनवमीला आला. विषय, कोन. कांबळे मॅडम गुणपत्रक घेऊन मागच्या बाकावर. मी वळून बघते, तर बोर्डाला हळदकुंकू आणि झेंडूचा हार!

"टीचर, पप्पांच्या कंपनीत आज सगळ्या मशीनची पूजा असते," आरोही म्हणाली. "आपल्याकडं मशीन हेच!"

मी घरून आणलेले सेल रिमोटमध्ये घालून बोर्ड चालू केला. त्याला बोट काय आणि झेंडू काय! हार हलला, की उत्तर निवडलं जायचं. मी प्रश्न वाचायच्या आत बोर्ड पुढच्या प्रश्नावर! वर्गात टाळ्या.

मी हार काढायला हात घातला.

"काढू नका!" आरोही ओरडली. "आज मशीन चालवत नसतात. आज तिला सुट्टी!"

झक मारत खडू घ्यायला गेले, तर खडूचा डबाही पूजेत!

मग काय! वर्गाचं दार थोडं उघडलं, लघुकोन. अजून उघडलं, काटकोन. बेचाळीस पोरं हात पसरून विशालकोन करत ओरडत होती. घंटा झाली तरी कुणी हात खाली घेईना!

कांबळे मॅडम उठल्या. चेहरा गंभीर. गुणपत्रकावर त्या पेन टेकवणार, तोच आरोही त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, तुमचं हत्यार पण ठेवा ना पूजेला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. हार घातलेल्या बोर्डाकडे पाहिलं. मग पेनला टोपण लावलं आणि ते खडूच्या डब्याशेजारी ठेवलं.

आरोहीनं त्याला कुंकू लावलं!