रामटेके मॅडम आणि चित्रातली घरं

रामटेके मॅडम सकाळी शिक्षकांच्या खोलीत आल्या की पर्स ठेवायच्या आधी मोबाइल पुढे करायच्या. "वंदना, हे पाह्य वं. पावसाचा ब्रश! नुसतं बोट फिरवलं का धारा पडून राहिल्या. आन् फुकट!" फुकट हा शब्द त्या अशा काही तोंडभरून म्हणायच्या की वाटावं, कोणी हार घालून त्यांचा सत्कार केलाय. कधी वॉटरकलरसारखे पसरणारे रंग, कधी रांगोळी आपोआप चारी बाजूंनी उमटवणारं साधन, कधी पानं उलटून चित्र हलवायचा खेळ. इंटरनेटवर फुकटात मिळणारं चित्रकलेचं जे काही असेल ते सगळं त्या शोधून काढत, उतरवून घेत आणि दुपारच्या सुटीत आम्हाला दाखवत.

मॅडम आता नाहीत. हृदयविकारानं गेल्या. विहारात त्यांच्यासाठी जमलेल्या गर्दीत निम्म्याहून अधिक त्यांचे जुने विद्यार्थी होते. तिथं सगळे त्यांच्या हसण्याबद्दल बोलत होते. मला मात्र त्या आठवतात त्या शेवटच्या काही वर्षांतल्या, बोलता बोलता कोणाच्याही दाराकडे बघत राहणाऱ्या. ते का, हे सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे.

आमची शाळा नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरच्या पुढे, जिथं प्लॉट पाडून लेआउट झालेत पण घरं अजून विरळ आहेत, तिथं. मी मराठी शिकवायची, त्या चित्रकला. मुलं बहुतेक कारखान्यात जाणाऱ्या आईबापांची. सकाळी कंपनीच्या बसनं हिंगण्याला जायचं आणि दिवस कलल्यावर परतायचं, असं त्यांचं. मुलांच्या रंगपेट्यांत निम्मे खडू संपलेले असत. मॅडमना ते बघवत नसे. "ज्या पोट्ट्याच्या पेटीत निळा रंगच नाई, त्यानं आभाळ कायनं काढावं?" असं म्हणत त्या मुख्याध्यापकांच्या मागे लागल्या आणि कोणी वापरत नसलेली संगणकाची खोली त्यांनी झाडून-पुसून घेतली. जुन्या संगणकांवर फुकट मिळणारी चित्रांची साधनं टाकली. तिथं निळा रंग कधी संपत नव्हता. सहावीतल्या एका मुलानं रस्ता ओलांडणारी कोंबडी हलती करून दाखवली, त्या दिवशी मॅडमनी ती कोंबडी शिपायापासून सगळ्यांना दाखवली होती. कोणी शंका काढली तर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "फुकट हाय तं घाबरायचं काहून? आवडलं तं ठेवा, नाई तं फेका."

त्याच उत्साहात त्यांनी इंटरनेटवरचा एक खेळ आणला. त्यात एकाच कागदावर वेगवेगळ्या ठिकाणची मुलं मिळून चित्र काढत. एकानं झाड काढलं की दुसरा त्यावर पक्षी बसवी. चित्र चांगलं झालं की नवा ब्रश मिळे. खाली लिहून बोलताही येई. मुलं वेडी झाली. पुढे ती घरी आईबापाच्या मोबाइलवरही खेळू लागली.

मुलांची चित्रं बघणं हा मॅडमचा एक वेगळाच उद्योग होता. "पोट्टे घर काढतात ते कोणाचंच घर नसते," त्या म्हणत. "दोन डोंगर, मधात सूर्य, बाजूले नारळ. नागपुरात नारळ कुठं पाह्यला रे तुम्ही?" मुलं हसत आणि पुन्हा नारळच काढत.

मार्चातल्या एका दुपारी त्यांनी मला संगणकाच्या खोलीत बोलावून घेतलं. पडद्यावर सातवीतल्या सृष्टीचं चित्र होतं. डोंगर नव्हते, नारळ नव्हता. एक खरंखुरं घर होतं. फाटकाची एक सळई वाकलेली. डावीकडून वर जाणारा जिना. गच्चीवर काळी टाकी. दाराला कडी आणि कडीत कुलूप, अगदी बारकाईनं काढलेलं.

"सुरेख काढलंय," मी म्हटलं.

"वंदना, इतकी वर्षं शिकवून राहिली मी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "कोणतं लेकरू आपल्या मनानं कुलूप काढत नाई."

सृष्टीला बोलावलं. ती खुशीतच आली. तिला वाटलं, कौतुक होणार.

"हे कोणी काढायले सांगितलं बेटा?"

"रंगदादानं."

"कोण रंगदादा?"

"गेममधला, मॅडम. तो लई चांगला शिकवते. आधी म्हणे घर काढ. मी काढलं तं म्हणे हे खोटं आहे, तुझं खरं काढ. खरं काढलं का सोनेरी ब्रश देते."

"आणखी काय काढलं?"

सृष्टी बोटं मोजल्यासारखी आठवू लागली. "शाळेचा रस्ता. माझी खोली. अन् मंग तो म्हणे, आई घरी येते तेव्हा सूर्य कुठं असते ते काढ. ते मले नीट नाई जमलं."

 मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "छान काढतं तू" म्हणाल्या आणि तिला वर्गात पाठवलं. ती गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या. स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाल्या, "हे मी आणलं वं शाळेत. ह्याच हातानं टाकलं."

मुख्याध्यापक घाबरले. गेम ताबडतोब काढून टाका, मुलांना समज द्या आणि विषय संपवा, शाळेचं नाव बाहेर जायला नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. मॅडम उभ्याच होत्या. "गेम काढता येते सर. घर कसं काढता? घर तं त्याच्याजवळ गेलं."

संध्याकाळी आम्ही दोघी सृष्टीच्या घरी गेलो. फाटकाची सळई खरोखरच वाकलेली होती. वडील कळमेश्वरच्या कारखान्यात, आठवड्याला येणारे. आई हिंगण्याहून नुकतीच परतली होती. शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत सृष्टी गळ्यात किल्ली घालून एकटीच असायची. सगळं ऐकून तिची आई आधी मुलीवर धावून गेली, मग मॅडमवर. "तुम्हीच शिकवलं न तिले हे? शाळेतच शिकवलं न?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "मीच." एवढंच. सबब नाही, समजावणी नाही. मग म्हणाल्या, "आता चप्पल घाला. ठाण्यात जाऊ."

ठाण्यातल्या पोलीस बाईंनी नीट ऐकून घेतलं. गेम तसाच राहू द्या, त्याला संशय येऊ देऊ नका, मुलीला मात्र घरी एकटी ठेवू नका, असं सांगितलं. सृष्टी मावशीकडे राहायला गेली. आणि शाळा सुटली की मॅडम सृष्टीची किल्ली घेऊन तिच्या घरी जाऊन बसू लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, पोलीस बघतील. तर म्हणाल्या, "पोलिसायले शंभर घरं पाहाची आहेत. मले एकच आहे."

एकटीला कसं बसू द्यायचं म्हणून मीही जात असे. आम्ही खिडकीमागे बसून वह्या तपासायचो. बाहेर ऊन रणरणत असायचं. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. लांब कुठंतरी बांधकामावरच्या फरशी कापायच्या मशीनचा आवाज.

एका दुपारी मोटरसायकल येऊन थांबली. उतरला तो माणूस कोणीही असू शकला असता. इस्त्रीचा शर्ट, हँडलला डब्याची पिशवी. पाळी संपवून घरी चाललेला कोणी. त्यानं मोबाइल काढला. मोबाइलकडे बघितलं, मग फाटकाकडे. पुन्हा मोबाइलकडे, मग जिन्याकडे, टाकीकडे. समोरचं चित्र बघून वहीत उतरवणारी मुलं करतात तशी त्याची मान वर-खाली होत होती.  मॅडम उठल्या आणि दार उघडून बाहेर गेल्या.

"कोण पाहिजे भाऊ?"

तो दचकला नाही. हसला. "इथं कोणी चित्र काढते का मॅडम? पोट्टी आहे म्हणे एक, हुशार."

"आहे नं," मॅडम म्हणाल्या. "मी तिची चित्राची बाई. या, बसा. पाणी घ्या."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मॅडमही त्याच्याकडे. मी आत मोबाइलवर पोलीस बाईंचा नंबर शोधत होते. "मंग येतो कधी," असं म्हणून त्यानं गाडी सुरू केली. मागच्या नंबरप्लेटवर चिखल थापलेला होता.

मॅडम आत आल्या. मी काही बोलणार तर त्यांनी हात वर केला. "बोलू नको वं. डोळ्यापुढचा चेहरा पुसून जाईन." तपासायच्या वह्यांतल्याच एकीचं पान फाडून त्या काढू लागल्या. डावी भुवई मधेच तुटलेली, खालचा ओठ किंचित बाहेर, कानाची पाळी गालाला चिकटलेली. पेन्सिल एकदाही अडखळली नाही. चित्र पुरं झालं तेव्हा मात्र त्यांचे दात वाजायला लागले. भर उन्हात मी त्यांच्या अंगावर सृष्टीच्या आईची शाल घातली.

त्या चित्रावरून हिंगण्याकडच्या एका चहाटपरीवाल्यानं त्याला ओळखलं. भाड्याच्या खोलीत तो सापडला. त्याच्या मोबाइलमध्ये मुलांनी काढलेली चित्रं होती, नुसती घरं. फाटकं, जिने, कड्या, खिडक्या. काही गावं तर ओळखूही येत नव्हती. पोलीस बाईंनी मॅडमना बोलावलं, मुलांच्या चित्रातून काही खूण निघते का बघायला. मॅडम ती चित्रं बघत बसायच्या. ही टाकी सरकारी क्वार्टरची आहे, हे पोरगं पहिल्या मजल्यावर राहते, ही भिंत रेल्वेच्या कडेची, असं सांगायच्या. त्यामुळे बरीच घरं सापडली. त्यातल्या कोणत्या घरी उशीर झाला होता, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. 

शाळेतला खेळ गेला. चित्रांची साधनं मॅडमनी ठेवली, इंटरनेटची वायर तेवढी काढून टाकली. "रंगानं काही केलं नाई पोट्ट्यायचं," त्या म्हणाल्या. पण सकाळी येऊन मोबाइल पुढे करणं थांबलं. फुकट हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

एक घर मात्र सापडत नव्हतं. निळं दार, अंगणात कडुनिंबाला टांगलेलं टायर, मागे विजेचा मोठा मनोरा. पोलीस म्हणाले, माणूस तर आत आहे, आता काय घाई. मॅडमना चैन नव्हती. रविवार आला की स्कूटर काढायच्या आणि मनोऱ्यांच्या रांगेखालून एकेक लेआउट धुंडाळायच्या. मला मागे बसवायच्या. उन्हाळा गेला, पाऊस गेला. दिवाळीच्या सुटीत, शहर संपून शेतं सुरू होतात तिथं, आम्हाला तो कडुनिंब दिसला. टायर हलत होतं. दार निळं होतं.

मॅडमनी बेल वाजवली. बेल संपायच्या आत दार सताड उघडलं. दहा-अकरा वर्षांची मुलगी. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"बक्षीस आणलं?" तिनं विचारलं.

"कोणतं बक्षीस वं माय?"

"रंगदादानं सांगितलं होतं. चित्र पुरं झालं का कोणीतरी बक्षीस घेऊन येईन. बेल वाजली का विचारत बसायचं नाई, लगेच दार उघडायचं." ती आमच्या रिकाम्या हातांकडे बघत होती. "मी रोज वाट पाहून राहिली."

मॅडमनी चौकटीला हात टेकला. मग खाली वाकून तिला म्हणाल्या, "बेटा, आता दार लाव. आतून कडी घाल. मी बेल वाजवीन. तू आतून विचारायचं, कोण आहे." मुलीला गंमत वाटली. दार लागलं, कडी वाजली. मॅडमनी बेल वाजवली आणि दार उघडलं. मुलगी हसत उभी होती.

"नाई वं माय. विचारायचं."

पुन्हा कडी. पुन्हा बेल. पुन्हा ते निळं दार तसंच सताड उघडं. मॅडम चिडल्या नाहीत. प्रत्येक वेळी तिला जवळ घेऊन तेच सांगत राहिल्या. किती वेळा झालं असेल, मला आठवत नाही. शेवटी एकदा बेल वाजली आणि दार हललं नाही. आतून बारीक आवाज आला, "कोण आहे?"

 मॅडम पायरीवर बसून तोंडाला पदर लावून रडत होत्या. मग मीच दाराशी गेले आणि म्हटलं, "आम्ही शाळेतल्या बाई आहोत. पण तरी दार उघडू नको. आई येईपर्यंत आम्ही बाहेरच बसतो."