ध्रुवावरचा वारा आणि आमचं खळं

ध्रुवावर जायला वडिलांची परवानगी लागते, हे आमच्या हवामान कचेरीत कुणालाच पटेना. मला मात्र गावाकडून, मार्गासनीहून, आबांचं ‘जा’ ऐकल्याशिवाय बोटीवर पाय ठेवायचा नव्हता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दक्षिण ध्रुवाकडे सोडलेल्या फुग्यांनी टिपलेला वारा मी पुण्यात बसून वाचत असे. डोंगर ओलांडताना हवा वर उचलली जाते, स्वतःच्या वजनानं खाली येते, पुन्हा उसळते. तिथल्या बर्फाळ डोंगरांवर या लाटा फार उंच चढतात. त्या मोजायला एका परदेशी तुकडीबरोबर दोन वर्षं जायचं होतं. दिवाळीत आबांना हे सांगितलं, तर ते बैलांना पाणी दाखवायला उठून गेले.

महिन्याभरानं उत्तर मागायला निघालो. नसरापूरला उतरून वेल्ह्याची एसटी धरली. वाटेतली सगळी खळी उरकलेली. आमच्याच खळ्यावर झोडलेल्या, पण वाऱ्यावर उफणायच्या राहिलेल्या भाताची रास पेंढ्याखाली झाकून पडली होती.

चुलत्यांनी वाटेतच हटकलं. “आलं का वाऱ्याचं सायेब! तुजा बा तुज्यासाठनं थांबलाय. सांग आता, वारं कवा सुटंल?”

आईला विचारलं, तर तीही म्हणाली, “व्हय, तुज्यासाठनंच.” झालं! ज्याला खळ्यावरचा वारा सांगता येत नाही, त्याला आबा पृथ्वीच्या टोकाला कशाला धाडतील?

सकाळी आबांसोबत खळं झाडताना मी धीर केला. “आबा, गुंजवणीत धोंड्यावरून पाणी गेलं की पुढं वर-खाली होत जातं ना, तशा हवेत लाटा असतात.”

“मंग आपल्या तोरण्यावर बी व्हत आसतील.”

“होतात की.”

“मंग तितं कशापायी जायाचं?”

असल्या अवघड प्रश्नाला मी मुलाखतीतही तोंड दिलं नव्हतं. “तिथल्या अजून कुणी धड मोजल्या नाहीत,” म्हणालो. “आणि खरं सांगू? खळ्यावर वारा कधी येईल, ते मला कळत नाही.”

“तुला इचारलंय कुनी?” आबा म्हणाले आणि झाडत राहिले.

दुपार कलली आणि वारं सुटलं. “बूट काड आदी,” आबा खेकसले. खळ्यात पायताण चालत नाही, हे मी पुण्याला विसरून आलो होतो. ते तिपाईवर चढले. मी पाट्या भरून वर देऊ लागलो. भात सरळ खाली पडत होतं, फोल उडून बांधाकडे जात होतं. अंगाला कुसं टोचत होती, खाज सुटली होती, आणि मला फार बरं वाटत होतं.

“नशीब, आज तरी वारं आलं,” मी म्हणालो.

“आज? आठ दिस झालं रोज सुटतंय.”

“मग थांबलात कशाला?”

आबांनी हातातली पाटी हळूहळू रिती केली. माझ्याकडे बघितलं नाही.

“म्होरल्या दोन सुग्यांला तू न्हाईस. ही तरी तुज्या हातची व्हऊ दे.”

डोळे पुसायला कुसाचं निमित्त बरं होतं. रिकामी पाटी खाली आली. मी ती भरली आणि पुन्हा वर दिली.